समुद्रतळीचे घर आणि कप्तान कुस्तो

गडावरून तोफ डागणाऱ्या वीराचे नाव इतिहासात राहते. पायथ्याच्या गावातून डोक्यावर धान्याची गोणी आणि पाण्याची घागर घेऊन रोज गड चढणाऱ्या माणसाचे नाव राहत नाही. तरीही गड किती दिवस लढेल हे अखेर त्या गोणीवर आणि घागरीवर ठरते. रसद तुटली की अजिंक्य म्हणून गाजलेले किल्लेही खाली होतात. हा न्याय जमिनीवर जितका खरा, तितकाच समुद्राच्या तळाशीही खरा आहे. विसाव्या शतकात समुद्राच्या पोटात घर बांधून त्यात माणसे राहवून दाखवणारे फ्रेंच नौसैनिक, संशोधक आणि चित्रपटकार झाक-ईव्ह कुस्तो यांचे चरित्र वाचताना हा न्याय पदोपदी प्रत्ययास येतो. त्यांच्या कीर्तीच्या कथा पुष्कळ आहेत. त्या घरात राहणाऱ्यांपर्यंत श्वासाची हवा, पिण्याचे पाणी आणि दोन वेळचे अन्न कसे पोहोचत होते, या बाजूने त्यांचे जीवन पाहण्याचा येथे विचार आहे.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळील सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. वडील वकील होते आणि धनिक अमेरिकन गृहस्थांचे कायदेविषयक सल्लागार म्हणून काम करीत. त्यामुळे कुटुंबाला वारंवार गाव बदलावे लागे. लहानपणी झाक अशक्त व आजारी असे. तथापि पाण्याची ओढ त्याला फार लवकर लागली. १९२० च्या सुमारास हे कुटुंब काही काळ अमेरिकेत राहिले, तेव्हा व्हरमाँट राज्यातील हार्वे सरोवराच्या काठी मुलांच्या उन्हाळी शिबिरात त्याला पाठवण्यात आले. तेथील शिक्षकांनी त्याला सरोवराच्या तळाशी साचलेल्या फांद्या आणि ओंडके काढण्याचे काम दिले. डोळ्यांवर चष्मा नाही, जवळ साधन नाही. श्वास कोंडायचा, बुडी मारायची आणि हाताला लागेल ते वर आणायचे. पाण्याखालची त्याची पहिली कामगिरी अशी ओझे वाहण्याची होती.

अभ्यासात मात्र त्याचे चित्त रमत नसे. तेराव्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशांतून चलत्चित्रे घेणारा छोटा कॅमेरा विकत घेतला आणि तो सुटा करून पुन्हा जोडण्यात त्याचे दिवस जाऊ लागले. पुढे शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल त्याला शाळेतून काढण्यातही आले. कडक शिस्तीच्या निवासी शाळेत गेल्यावर मात्र हाच मुलगा मन लावून शिकू लागला आणि १९३० मध्ये ब्रेस्त येथील नौदलाच्या विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला.

नौदलात वैमानिक व्हावे, ही तरुण कुस्तोंची महत्त्वाकांक्षा होती. परंतु १९३६ साली मोटारीला भीषण अपघात होऊन त्यांचे दोन्ही हात मोडले आणि आकाशाचा मार्ग कायमचा बंद झाला. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून तुलाँ बंदराजवळच्या समुद्रात ते रोज पोहू लागले. तेथे नौदलातील मित्र फिलिप ताइए यांनी त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो डोळ्यांवर चढवून कुस्तोंनी पाण्यात मान घातली आणि आजवर केवळ निळे-हिरवे धुके दिसत होते तेथे त्यांना वनस्पती, मासे व खडक स्वच्छ दिसले. त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्याला निराळी दिशा लागली. ताइए, फ्रेडरिक द्युमा आणि कुस्तो या तिघांची जोडी पुढे अनेक वर्षे समुद्रात एकत्र उतरत राहिली.

१२ जुलै १९३७ रोजी कुस्तोंचा विवाह सिमोन मेल्शियोर यांच्याशी झाला. या बाईंचा उल्लेख केल्यावाचून कुस्तोंचे चरित्र लिहिणे अन्यायाचे होईल, आणि प्रस्तुत लेखाच्या विषयात तर त्यांचे स्थान फार मोठे आहे. त्यांचे वडील औद्योगिक वायू तयार करणाऱ्या एअर लिक्विड या कंपनीत अधिकारपदावर होते. त्यांच्याच ओळखीने कुस्तोंची गाठ एमिल गान्यां या अभियंत्याशी पडली. महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसल्यामुळे फ्रान्समध्ये मोटारी वायूवर चालवीत, आणि त्यासाठी गान्यांनी वायूचा पुरवठा गरजेपुरताच करणारी एक झडप तयार केली होती. अशी झडप माणसाच्या श्वासासाठी का वापरता येऊ नये, असा विचार दोघांनी केला. १९४३ च्या आरंभी मार्न नदीच्या थंड पाण्यात पहिली परीक्षा झाली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले. उभे राहिल्यावर हवा फुकट वाहून जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे कठीण होई. उच्छ्वास बाहेर जाण्याची वाट आणि हवा आत येण्याची वाट यांच्या पातळीत फरक असल्यामुळे हे घडते, हे ध्यानात येताच दोन्ही एका जागी आणण्यात आल्या आणि दोष नाहीसा झाला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या किनारी कुस्तो पाठीवर हवेच्या नळ्या बांधून पाण्यात शिरले. आता माणूस बोटीवरून सोडलेल्या नळीला बांधलेला राहिला नव्हता. आपला श्वास तो आपल्याबरोबर नेऊ शकत होता.

पण किती वेळ? पाठीवरची हवा तासाभरात संपते. शिवाय खोल जावे तसा तिचा खर्च वाढतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरांवर एकूण दाब दुप्पट होतो, म्हणून तेथे घेतलेल्या प्रत्येक श्वासाला पृष्ठभागावरच्या दुप्पट हवा लागते. १०० मीटरांवर अकरापट. समुद्र दिसला, पण त्यात घटकाभरच राहता येते, ही खंत कुस्तोंच्या मनात राहिली.

१९५० साली लोएल गिनेस या धनिक इंग्रज गृहस्थांनी सुरुंग काढण्यासाठी बांधलेली एक जुनी लाकडी युद्धनौका विकत घेऊन, वर्षाला नाममात्र एक फ्रँक भाड्याने ती कुस्तोंच्या हवाली केली. तीच पुढे जगप्रसिद्ध झालेली ‘कॅलिप्सो’. बोट मिळाली, पण ती सजवण्यासाठी पैसा कोठला? सिमोनबाईंनी आपले दागिने विकले. पुढे त्या स्वतः बोटीवरच राहू लागल्या; खुद्द कप्तानांपेक्षाही त्यांचे अधिक दिवस कॅलिप्सोवर गेले. खलाशांचे आजारपण, त्यांचे रुसवेफुगवे, कोठीतले सामान, सर्वांवर त्यांची नजर असे. खलाशी त्यांना प्रेमाने धनगरीण म्हणत, कारण कळपातले प्रत्येक मेंढरू त्यांना ठाऊक होते. कॅमेऱ्यासमोर येण्याची मात्र त्यांना मुळीच हौस नव्हती.

१९५६ मध्ये कुस्तो आणि लुई माल यांनी तयार केलेल्या ‘ल माँद द्यु सिलांस’, म्हणजे ‘मौनाचे जग’, या चित्रपटाला कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि कुस्तो घरोघरी माहीत झाले. या कीर्तीच्या चित्रपटाला एक डागही आहे. त्यात प्रवाळखडकाजवळ सुरुंग लावून मासे मारल्याचे आणि खलाशांनी क्रोधाने शार्क माशांची कत्तल केल्याचे दृश्य आहे. समुद्राचा हा मित्र त्या काळी समुद्राकडे विजेत्याच्या नजरेनेही पाहत होता. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही; पुढे त्यांच्यात किती पालट झाला हे तिच्यामुळेच नीट समजते. १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी टाकाऊ पदार्थ टाकण्याच्या योजनेला त्यांनी उघड विरोध केला, तेव्हा या पालटाची चाहूल लागली होती.

याच सुमारास अमेरिकेच्या नौदलातील डॉक्टर जॉर्ज बाँड यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला होता. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतील नत्रवायू रक्तात आणि मांसात विरघळतो. माणूस एकदम वर आला तर, सोड्याच्या बाटलीची गोटी दाबताच जसे बुडबुडे उसळतात, तसे ते त्याच्या शरीरात उसळतात. त्याने सांधे जखडतात, अर्धांग होते, प्राणही जातो. म्हणून पाणबुड्याला हळूहळू, थांबत थांबत वर यावे लागते. परंतु शरीरात वायू विरघळण्यालाही सीमा आहे. सुमारे एक दिवसभर त्याच खोलीवर राहिले की शरीर वायूने पूर्ण भरते. मग तेथे आठवडा राहा की महिना राहा, वर येण्यास लागणारा वेळ तेवढाच. तेव्हा रोज खाली-वर करण्याऐवजी माणसाने खालीच बिऱ्हाड का करू नये?

या विचारातच त्या बिऱ्हाडाची खरी अडचण दडलेली होती. खाली राहणाऱ्याला मीठ संपले म्हणून वर येता येत नाही. दहा मीटर म्हणजे तीनमजली घराची उंची. वर पाहिले तर होडीचा तळ दिसतो, पण ती होडी त्याच्यासाठी परदेशाइतकी दूर असते. तो जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक वस्तूला त्याच्याकडे यावे लागते.

सप्टेंबर १९६२ मध्ये मार्सेय शहरासमोरच्या समुद्रात कुस्तोंनी पहिले घर १० मीटर खोलीवर नेले. पाच मीटर लांबीचे आणि अडीच मीटर व्यासाचे ते पोलादी पिंप होते. त्याला नाव दिले ‘दियोजेन’. प्राचीन ग्रीसमध्ये रांजणात राहणाऱ्या विरक्त तत्त्ववेत्त्याचे हे नाव. पाणी पिण्याची वाटीही अनावश्यक म्हणून त्याने फेकून दिली, अशी कथा सांगतात. समुद्रातल्या दियोजेनची गोष्ट नेमकी उलट होती. त्याला सर्व काही बाहेरून हवे होते. आल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली हे दोन पाणबुडे त्यात आठवडाभर राहिले. घराच्या तळाला एक उघडे दार होते. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवल्यामुळे पालथ्या घातलेल्या पेल्याप्रमाणे पाणी आत शिरत नसे. ती हवा वरच्या कॉम्प्रेसरमधून नळीने येई. वीज तारेने येई, बोलणे टेलिफोनच्या तारेने चाले. अन्न हवाबंद डब्यांतून पाणबुडे घेऊन येत. रोज डॉक्टर बुडी मारून तपासायला येत आणि दूरचित्रवाणीच्या यंत्रातून वरचे लोक दोघांकडे अहोरात्र पाहत असत.

एवढी काळजी घेऊनही पहिले दिवस कठीण गेले. रात्री फाल्कोंना गुदमरल्याची स्वप्ने पडत. हवेची नळी एक आहे आणि ती वरच्या माणसांच्या हाती आहे, ही जाणीव झोपेतही जात नसावी. हळूहळू मन स्थिरावले. रोज काही तास बाहेर पोहून काम करीत दोघांनी आठवडा पुरा केला आणि ते सुखरूप वर आले.

पुढच्या वर्षी कुस्तोंनी घराऐवजी गावच वसवला. १९६३ च्या उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात, सुदान देशातील पोर्ट सुदान बंदराच्या ईशान्येस असलेल्या शाब रूमी या प्रवाळखडकाची त्यासाठी निवड झाली. मध्यभागी दालन आणि त्याला चार बाहू, अशा आकारामुळे मुख्य घराला तारामाशाचे नाव मिळाले. जवळच बशीच्या आकाराची छोटी पाणबुडी ठेवण्याची घुमटी होती, अवजारांची खोली होती, आणि आणखी खाली, सुमारे २७ मीटरांवर, दोघांसाठी एक लहान कोठडी होती. तारामासा-घरात पाच जण महिनाभर राहिले. त्यांत एक प्राध्यापक होते आणि एक आचारीही होता.

आता या गावाच्या रसदीचा विचार करा. किनारा वाळवंटाचा, जवळ ना विहीर, ना शेत. जुलैमधील ऊन अंग भाजून काढणारे. प्रवाळखडकाच्या आतील शांत पाण्यात ‘रोझाल्डो’ नावाचे मालवाहू जहाज नांगरून ठेवले होते. त्यावर वीज निर्माण करणारी आणि हवा दाबणारी यंत्रे दिवसरात्र धडधडत असत. तेथून तारा आणि नळ्या पाण्यात उतरून घरापर्यंत गेल्या होत्या. आरंभी तर घर बुडवणे हीच मेहनत होती. हवेने भरलेले घर आपण होऊन बुडत नाही; त्यासाठी शिशाचे जड ठोकळे माणसांनी हातांनी वाहून खाली रचले. मग रोजची ये-जा सुरू झाली. भाजी, मांस, पाव, पत्रे, कपडे, औषधे, सर्व काही डब्यांत भरून पाणबुडे खाली नेत.

डबा म्हणजे आपल्या घरातला साधा डबा नव्हे. वर बंद केलेल्या डब्यात वरच्या दाबाची हवा असते. तो दहा मीटर खाली नेला की त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार अधिक पडतो. पातळ पत्रा चेपून जातो. मजबूत डब्याचे झाकण इतके घट्ट बसते की आतला आणि बाहेरचा दाब सारखा केल्यावाचून ते निघत नाही. उलट खाली बंद केलेला डबा वर आणला, तर झाकण उडण्याची भीती. स्वयंपाकाचेही तेच. तारामासा-घरातील हवेचा दाब आपल्या स्वयंपाकघरात शिट्टी होण्याच्या बेतात असलेल्या प्रेशर कुकरच्या आतील दाबाइतका होता. तेथे उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. आचाऱ्याला अशा चुलीवर पाच माणसांची भूक भागवावी लागे. घरात एक पोपटही पाळला होता. खाणीतले कामगार पूर्वी पक्षी बरोबर नेत, त्याच हेतूने. हवा बिघडली तर ते त्या लहानग्या जिवाला आधी कळावे.

खालच्या कोठडीत रेमाँ किएंत्सी आणि आंद्रे पोर्तलातीन हे दोघे आठवडाभर राहिले. तेथे हवेत हीलियम मिसळलेला होता. मुख्य घरातल्यासारखी हवा थंड करण्याची सोय तेथे नव्हती. उकाडा आणि दमटपणा असह्य होता. तेथून उतरून ते दोघे १०० मीटरांहून अधिक खोल जाऊन आले. मोहिमेच्या अखेरीस सिमोनबाई स्वतः तारामासा-घरात राहण्यास गेल्या. १२ जुलै रोजी, विवाहाच्या सव्विसाव्या वाढदिवशी, कप्तानही खाली आले आणि समुद्राच्या तळाशी सर्वांनी मिळून तो साजरा केला. ज्या बाईंनी दागिने विकून बोट उभी केली आणि वर्षानुवर्षे तिची कोठी सांभाळली, त्या समुद्रतळीच्या घरात राहणारी पहिली स्त्री ठरल्या, हे मोठे उचित झाले. या गावावर काढलेल्या ‘सूर्याविना जग’ या अर्थाच्या नावाच्या चित्रपटाला पुढे अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिक मिळाले.

चित्रपटात पाच माणसे निवांत बुद्धिबळ खेळताना दिसतात. पण त्या पाचांच्या निवांतपणासाठी वर किती माणसे उन्हात राबत होती, हे कुस्तोंना पक्के ठाऊक होते. जहाजावरचे यंत्र बंद पडले तर घर घटकाभरात संकटात येणार. वादळ झाले, नळी तुटली, तर काय? म्हणून तिसऱ्या प्रयोगात त्यांनी हाच दोरा तोडण्याचा प्रयत्न केला. १९६५ च्या शरद ऋतूत, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील काप फेरा या भूशिराजवळ, सुमारे १०० मीटर खोलीवर एक मोठा पोलादी गोल उतरवण्यात आला. त्यात सहा जण तीन आठवडे राहिले. कुस्तोंचा धाकटा मुलगा फिलिप त्यांच्यातच होता. या वेळी अन्नसामग्री आणि वायू यांचा साठा घराबरोबरच नेला होता; वर सतत हवा पुरवणारे जहाज ठेवलेले नव्हते. श्वासासाठी हीलियम आणि त्यात शेकडा दोनच्या आसपास ऑक्सिजन, असे मिश्रण होते; उच्छ्वासातील कार्बनवायू घरातच काढून टाकीत. हीलियममुळे सर्वांचे आवाज बदकांसारखे चिरके झाले आणि अंगातली ऊब लवकर निघून जाऊ लागली. तरीही त्यांनी तेलविहिरीच्या तोंडावरचे अवजड यंत्र हाताळण्याचे काम त्या खोलीवर करून दाखवले.

तथापि दोरा पुरता तुटला नाहीच. वीज आणि संभाषण यांसाठी किनाऱ्यावरील दीपगृहापासून तार टाकावी लागली होती. त्याच दिवसांत अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ला होया किनाऱ्याजवळ डॉक्टर बाँड यांचे ‘सीलॅब दोन’ हे घर सुमारे ६२ मीटर खोलीवर होते. दोन्ही घरांतील माणसे टेलिफोनवरून चिरक्या आवाजांत एकमेकांशी बोलली. त्या अमेरिकन घराला एक अनोखा टपालवाला मिळाला होता. टफी नावाचा शिकवलेला डॉल्फिन मासा नव्हे, डॉल्फिन प्राणी, कारण तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो, पृष्ठभागावरून पत्रे आणि हत्यारे खाली नेऊन देई. जे अंतर माणसाला ओलांडता येत नव्हते, ते हा जीव सहज खालीवर पोहत जाई.

त्यानंतर कुस्तोंनी समुद्रतळी नवे घर बांधले नाही. माणसे समुद्रात वस्ती करतील, हे त्यांचे स्वप्न मागे पडले. खर्च अफाट होता, तेलकंपन्यांना यंत्रे स्वस्त वाटू लागली. अशी कारणे सांगता येतील आणि ती खरीही आहेत. परंतु कुस्तोंच्या मनाचा ओघही बदलला. दूरचित्रवाणीवरील मालिकांतून ते लोकांना समुद्र जिंकण्याऐवजी जपण्यास सांगू लागले. १९७३ मध्ये त्यांनी समुद्राच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. अंटार्क्टिका खंडात खाणी खोदू नयेत म्हणून १९९० मध्ये त्यांनी जगभर सह्यांची मोहीम चालवली; १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या कराराने त्या खंडावर खनिजे काढण्यास बंदी आली.

असे वाटते की, या पालटाचे बीज त्या तीन घरांतच असावे. पाच माणसांना एक महिना जिवंत ठेवायचे तर हवा, पाणी, अन्न, ऊब आणि मलिन वायूचा निचरा यांतली एकेक गोष्ट मोजून, वाहून, घाम गाळून पुरवावी लागते, हे ज्याने आपल्या हातांनी केले, त्याला जमिनीवर या गोष्टी न मागता मिळतात याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आपली पृथ्वीही एक घर आहे. मात्र तिच्या शेजारी कोणतेही ‘रोझाल्डो’ नांगरलेले नाही. येथली हवा बिघडली तर दुसरी पाठवणारा वर कोणी नाही.

उत्तरायुष्यात कुस्तोंना दुःखे पुष्कळ सोसावी लागली. फिलिप २८ जून १९७९ रोजी पोर्तुगालमधील लिस्बनजवळ विमानाच्या अपघातात गेला. डिसेंबर १९९० मध्ये सिमोनबाई वारल्या. त्यांची रक्षा समुद्रातच विसर्जित करण्यात आली. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका तराफ्याची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. पुढील वर्षी, २५ जून १९९७ रोजी, पॅरिस येथे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी कुस्तो निवर्तले. जन्मगावीच त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. २०१४ साली त्यांचे नातू फाबियँ कुस्तो अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ ‘ॲक्वेरियस’ या समुद्रतळीच्या प्रयोगशाळेत ३१ दिवस राहिले; आजोबांच्या तांबड्या समुद्रातील मुक्कामापेक्षा थोडा अधिक काळ, मुद्दाम ठरवून. पन्नास वर्षांत संगणक आले, दूरवरून बोलणे सोपे झाले. पण जेवण, औषधे आणि कोरडे टॉवेल आजोबांच्या काळाप्रमाणेच दाब सहन करणाऱ्या जाड बंद भांड्यांत भरून पाणबुड्यांना हातांनीच खाली न्यावे लागले. शाब रूमीच्या पाण्यात पाणबुडीची घुमटी अजून उभी आहे. तिच्यावर प्रवाळ वाढले आहे आणि आतून मासे फिरतात.

गोमंतकातील आपल्यासारख्या वाचकांना ही कथा परकी वाटू नये. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था पणजीजवळ दोनापावल येथे आहे. तेथील शास्त्रज्ञांचे संशोधनही जहाजांवरील खलाशी आणि आचाऱ्यांच्या आधारावर चालते. शिवाय गोव्याच्या कितीतरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तारवांवर गेली, ती बहुधा आचारी, वाढपी आणि कोठारी म्हणून. जगाच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. तरी मोठमोठ्या जहाजांवरील कप्तान, प्रवासी आणि संशोधक त्यांच्या हातचे जेवून पुढे गेले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या समुद्राच्या तळाशी किंवा आणखी दूर जाईल. त्याने कुस्तोंचे धाडस अवश्य घ्यावे. त्याबरोबर त्यांची दुसरी विद्याही घ्यावी: आपला डबा कोण घेऊन येतो, त्याचे नाव काय, तो जेवला की नाही, हे विचारण्याची. कॅलिप्सोवर हे विचारणारी एक बाई होती, आणि ती होती म्हणूनच कप्तानांची बोट चाळीस-पंचेचाळीस वर्षे समुद्रावर टिकली.